अण्णांचं विंडोज लायसन्स नव्या मशीनवर नेताना

8 सप्टेंबर 2025, सोमवार

शनिवारी विसर्जन झालं, आजपासून प्रेस पूर्ण वेळ सुरू. दिवाळी अंकाची पानं लावायचं काम अंगावर आहे, तरी ही नोंद आजच सुरू करते आहे. 14 ऑक्टोबरला विंडोज 10 ची सुरक्षा अपडेट बंद होणार आणि हाताशी पाच आठवडे आहेत. लेखकांच्या न छापलेल्या कथा, लोकांच्या पत्रिका, शाळांचे निकाल, काय काय आमच्या कॉम्प्युटरांवर असतं. अपडेट नसलेलं मशीन नेटवर ठेवून हे सगळं त्यात ठेवायचं नाही, एवढं प्रेसचे मालक अण्णा यांच्याशी बोलून ठरलं.

आमच्याकडे तीन मशीन आहेत. पहिलं मोठं मशीन, 2016 मध्ये असेम्बल करून घेतलेलं, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज 10 प्रो. अंकाची सगळी पानं याच्यावर. दुसरं ब्रँडेड, 2014 चं. विंडोज 8.1 घेऊन आलं, पुढे फुकट अपग्रेडच्या वर्षात 10 वर गेलं. पानं लावायचं जुनं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं पॅकेज त्याच्यावर चालतं. तिसरा हिशेबाचा लॅपटॉप, आठव्या पिढीचा.

तिन्हींवर मायक्रोसॉफ्टचं तपासणी ॲप चालवलं. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. लॅपटॉप पास. तो अपग्रेड होईल, त्याचं लायसन्स त्याच्याबरोबरच राहील, त्याचा विषय इथेच संपला. बाकी दोन्ही नापास.

नवं एकच मशीन घ्यायची ऐपत आहे. अण्णांचा पहिला प्रश्न: "विंडोज परत विकत घ्यायचं काय? 2016 ला पूर्ण पैसे मोजून डबा आणलेला की मी." या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायचं, हेच या नोंदींचं काम.

9 सप्टेंबर, मंगळवार

दुपारी वीज गेली, तेव्हा अण्णांना लायसन्सचे प्रकार समजावले. इथेही लिहून ठेवते, टायपिंग आणि प्रुफं बघणाऱ्या ताईंनाही वाचायला होतील.

दुकानातून ब्रँडेड मशीन घेतलं की त्यात जे विंडोज येतं ते ओईएम. ते मशीनचं असतं, आपलं नसतं. मशीन दुसऱ्याला विकलं तर त्याच्याबरोबर जातं, पण मशीन सोडून एकटं कुठे नेता येत नाही. मदरबोर्डलाच, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डलाच चिकटलेलं. विंडोजचा डबा किंवा नुसती ‘की’ (विंडोज सक्रिय करायचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक) स्वतंत्र विकत घेतली तर ते रिटेल. ते घेणाऱ्याचं. करारात स्वच्छ लिहिलंय की आपल्या मालकीच्या दुसऱ्या मशीनवर ते नेता येतं. फक्त आधीच्या मशीनवरून काढायचं. एका वेळी एकच मशीन. तिसरा प्रकार व्हॉल्यूम, मोठ्या कंपन्या आणि संस्थांचा. त्याच्याशी आपला संबंध नाही.

अण्णा म्हणाले, "म्हणजे ओईएम हे भिंतीतलं कपाट आणि रिटेल हे लोखंडी कपाट. घर बदललं की लोखंडी आपल्याबरोबर येतं." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

संध्याकाळी दोन्ही मशीनवर एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय ही आज्ञा चालवली. लायसन्सचा प्रकार आणि कीची शेवटची पाच अक्षरं ती दाखवते. मोठ्या मशीनवर ‘रिटेल चॅनल’ आलं, आनंद झाला. मग ब्रँडेडवर चालवली. तिथेही ‘रिटेल चॅनल’!

ते तर होऊच शकत नाही. ब्रँडेडची की फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच कायमच्या बसवलेल्या प्रोग्राममध्ये असते, विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून कंपन्या तशीच देतात. उद्या शोधते.

10 सप्टेंबर, बुधवार

उलगडा झाला, पण चिंता वाढली.

मोठ्या मशीनच्या कीची शेवटची पाच अक्षरं थ्री-व्ही-सिक्स-सिक्स-टी आहेत. ही आमची की नाहीच. विंडोज प्रोची ही सर्वसाधारण की आहे, जगभर लाखो मशीनवर हीच दिसते. डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या मशीनमध्ये विंडोज अशी एक भरतीची की स्वतः घालतं. खरा हक्क मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या मशीनच्या हार्डवेअरच्या नावानं नोंदलेला असतो. ब्रँडेडवरही तसंच, फुकट अपग्रेडमुळे. आणि ही भरतीची की रिटेल जातीची असल्यानं दोन्हीकडे ‘रिटेल’ हाच शब्द उमटतो.

म्हणजे पडद्यावरच्या त्या शब्दावर विसंबून काही ठरवता येत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं, आणि अनेकांना नसणार. ‘रिटेल आलं, म्हणजे हलवता येईल’ असं समजून लोक जुनं मशीन मोडीत काढत असतील आणि मग अडकत असतील.

मोठ्या मशीनमध्ये मूळ की का नाही, तेही आठवलं. 2021 मध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवला, तेव्हा मीच विंडोज नव्यानं टाकलं आणि कीच्या पडद्यावर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे गेले. नेट लागताच ते आपोआप सक्रिय झालं. त्या दिवशी सोपं वाटलं होतं. पण त्यामुळे आज मशीनमधून की काढून घेण्याचा कोणताही मार्ग उरलेला नाही. बाजारात की शोधून देणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात, तीही हीच भरतीची की दाखवतील.

म्हणून आता डबा सापडला पाहिजे. डब्यातलं कार्ड हाच आमच्याकडचा पुरावा.

12 सप्टेंबर, शुक्रवार

ओळखीच्या एका दुकानदारानं मध्येच सुचवलं, "कशाला शोधताय? चारशे रुपयांत प्रोची की देतो, लगेच सक्रिय."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले, म्हणून त्यांना सविस्तर सांगितलं. अशा बऱ्याचशा किल्ल्या कुठल्या तरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधून बाहेर आलेल्या असतात. एकच की शेकडो जणांना विकली जाते. लक्षात आलं की ती बंद होते आणि मशीन पुन्हा ‘विंडोज सक्रिय करा’ म्हणायला लागतं. दुसरा प्रकार त्याहून वाईट. केएमएस नावाची सोय मोठ्या संस्थांसाठी आहे. संस्थेच्या आतल्या सर्व्हरकडून मशीन 180 दिवसांपुरतं सक्रिय होतं आणि वेळोवेळी नव्यानं विचारत राहतं. क्रॅक करणारे खोटा सर्व्हर मशीनमध्येच बसवतात, आणि त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. लोकांची हस्तलिखितं ज्या मशीनवर आहेत त्याचं दार असं उघडं टाकायचं नाही.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "2016 ला आख्ख्या गल्लीत माझ्या एकट्याकडे खरं विंडोज होतं. लोक म्हणायचे, अण्णा पैसे जास्त झालेत. आता नऊ वर्षांनी मी खोटं घेऊ व्हय?" डबा शोधायचं पक्कं झालं.

15 सप्टेंबर, सोमवार

डबा प्रेसच्या मागच्या कपाटात असायचा. आता नाही. कारण सगळ्या सांगलीला माहीत आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 आहे. प्रेसमध्ये छातीएवढं पाणी होतं. ब्रँडेड मशीन माळ्यावर चढवलं होतं म्हणून वाचलं, मोठं मशीन खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर त्याचा मदरबोर्ड गेलेला निघाला. त्याच जातीचा वापरलेला बोर्ड मिळवून बसवला.

ही पुराची गोष्ट लायसन्सच्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे, हे आज लक्षात आलं. मदरबोर्ड बदलला की विंडोज ते मशीन नवं समजतं. म्हणजे अण्णांनी 2019 मध्ये तीच की दुसऱ्यांदा सक्रिय केली असणार. यंदाची तिसरी वेळ ठरेल. ऑनलाइन सहज होईल असं आता गृहीत धरत नाही.

लायसन्सचं बिल मात्र मिळालं. प्रेसचे हिशेब बघणाऱ्या सीएंच्या 2016-17 च्या फाइलमध्ये होतं: विंडोज 10 प्रो, एक नग, 14,999 रुपये. झेरॉक्स काढून आणली.

18 सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस फक्त पानं. ताईंनी एकोणीस जाहिराती बसवल्या. लायसन्सचं काही नाही.

20 सप्टेंबर, शनिवार

डबा सापडला! अण्णांच्या घरी, पोटमाळ्यावर, पुरानंतर वाळवून बांधून ठेवलेल्या कागदांच्या गाठोड्यात. वहिनींनी शोधला. खोक्याचा पुठ्ठा फुगून सुटलेला, आतला पेन ड्राइव्ह जागेवर, आणि त्याच्याबरोबर कीचं कार्ड. कार्ड गाळानं पिवळं पडलंय, पण आहे!

पंचवीस अक्षरांपैकी तेवीस स्पष्ट वाचता येतात. दुसऱ्या गटातलं एक बी आहे की आठ, कळत नाही. चौथ्या गटातलं एक जी की सहा.

इथे एक माहिती उपयोगी पडली. विंडोजच्या कीमध्ये सगळी अक्षरं वापरतच नाहीत. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नाहीत, एल, एस, झेड नाहीत, आणि शून्य, एक, पाच हे आकडेही नाहीत. त्यामुळे ओ आणि शून्य, एस आणि पाच हा घोळ उद्भवतच नाही. पण बी आणि आठ दोन्ही चालतात, जी आणि सहाही दोन्ही चालतात. आमचं नशीब नेमकं त्याच दोन जोड्यांत अडकलंय. भिंगानं पाहिलं, मोबाइलनं फोटो काढून मोठा केला, ताईंनी प्रुफं वाचणाऱ्या नजरेनं पाहिलं. त्या म्हणाल्या पहिलं आठ वाटतंय, दुसऱ्याचं सांगता येत नाही.

चारच शक्यता आहेत. ते चालेल. शेवटचा गट पूर्ण स्पष्ट आहे, त्याचा पुढे उपयोग होईल.

की इथे लिहीत नाही. कार्डाच्या दोन झेरॉक्स काढून एक बिलाला लावली, एक अण्णांच्या घरी.

22 सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. नव्या मशीनची ऑर्डर दिली: बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह, 16 जीबी रॅम, 512 जीबीचा एसएसडी. कोटेशनमध्ये दुकानदारानं विंडोजची ओळ धरली होती, ती काढायला लावली. आजपासून जीएसटीचे दर बदलले म्हणून अण्णांना वाटलं काही कमी होईल, पण कॉम्प्युटरवर आधीही 18 टक्के होते आणि आताही 18 च आहेत.

फॉन्टच्या पॅकेजचा प्रश्न वेगळा आहे, तो आजच निकालात काढला. त्याचं लायसन्स म्हणजे प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला मागून लावलेलं हार्डवेअर लॉक. ते लावलेलं नसेल तर फॉन्ट चालत नाहीत. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. म्हणून ब्रँडेड मशीन ठेवायचं, नेटची वायर कायमची काढायची, आणि जुन्या फायली उघडण्यापुरतं वापरायचं. त्याचं ओईएम लायसन्स तिथेच राहील, ते तिथलंच आहे.

26 सप्टेंबर, शुक्रवार

अंकाची सगळी पानं छपाईला गेली. रात्री साडेनऊ. आता मोठ्या मशीनला हात लावता येईल.

27 सप्टेंबर, शनिवार

सकाळी बॅकअप. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि दुसऱ्या डिस्कवरच्या पंधरा फायली उघडून पाहिल्या. फॉन्टचा फोल्डर, रंगांच्या प्रोफाइल, ब्राउझरमधले पासवर्ड, प्रिंटरची सेटिंग हे सगळं आठवून आठवून घेतलं.

दुपारी की तपासली. मोठ्या मशीनची नेटची वायर काढली. विंडोज कीची पहिली तपासणी मशीनमध्येच करतं, सर्व्हरला विचारण्याआधी. की मुळातच चुकीची असेल तर तिथल्या तिथे नाकारतं. एसएलएमजीआर स्लॅश आयपीके आणि पुढे की.

बी, जी: नाही. कोड शेवटी एफ-झिरो-फाइव्ह-झिरो, म्हणजे की अवैध. बी, सहा: नाही. आठ, जी: क्षणभर थांबलं आणि ‘की यशस्वीपणे बसवली’ असा संदेश आला. ताईंचं आठ बरोबर निघालं. लगेच डीएलआय चालवून पाहिलं. शेवटची पाच अक्षरं कार्डावरच्या शेवटच्या गटाशी तंतोतंत जुळली. भरतीची की गेली, आमची आली.

अण्णांना फोन केला. ते पारावर होते, तिथेच सगळ्यांना सांगितलं म्हणे.

29 सप्टेंबर, सोमवार

आज जुन्या मशीनवरून लायसन्स काढलं. दोन आज्ञा. एसएलएमजीआर स्लॅश यूपीके, की काढते. मग स्लॅश सीपीकेवाय, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत तिचा मागमूस राहू नये म्हणून.

या आज्ञांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या फक्त मशीनमधली की काढतात. सर्व्हरवर त्या मदरबोर्डच्या नावानं झालेली नोंद त्यांनी पुसली जात नाही. उद्या कुणी या मशीनवर पुन्हा विंडोज 10 प्रो टाकलं आणि नेट लावलं, तर ते आपोआप सक्रिय होण्याचीही शक्यता आहे. म्हणजे एकच लायसन्स दोन ठिकाणी. कुणी पकडायला येणार नाही. पण करारात एका वेळी एक असं आहे आणि अण्णांनी पैसे त्याच कराराचे दिले आहेत. म्हणून डिस्क पूर्ण पुसली आणि त्यावर लिनक्स मिंट टाकलं. त्याला कीची गरजच नाही, हव्या तितक्या मशीनवर टाका. सहाव्या पिढीचा प्रोसेसर त्याला भरपूर होतो. युनिकोडमधली (कुठल्याही मशीनवर उघडणाऱ्या अक्षरांतली) प्रुफं वाचायला हे मशीन आता ताईंच्या टेबलावर जाईल. कॅबिनेटवर चिठ्ठी लावली: ‘यावर विंडोज टाकू नये. लायसन्स दुसरीकडे नेलं आहे. 29-9-2025.’

30 सप्टेंबर, मंगळवार

काल घाई झाली. एक पायरी राहिली आणि ती परत करता येत नाही.

डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवता येतं. ही सोय 2016 च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे. जोडलेलं असलं की नव्या मशीनवर त्याच अकाउंटनं शिरायचं, ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर (सक्रिय होण्यातली अडचण सोडवणारं विंडोजमधलंच साधन) चालवायचा, ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं आहे’ निवडायचं आणि यादीतून जुनं मशीन दाखवायचं. मोठं मशीन कायम लोकल, म्हणजे त्या मशीनपुरत्याच अकाउंटवर चाललं. पुसण्याआधी पाच मिनिटांत जोडता आलं असतं. मी पुसल्यानंतर अकाउंट काढायला बसले आणि तेव्हा हे ध्यानात आलं. आता ती यादी रिकामीच दिसणार.

वाचणाऱ्यानं क्रम असा ठेवावा: आधी अकाउंटला जोडणं, सेटिंगमध्ये ‘अकाउंटशी जोडलेलं डिजिटल लायसन्स’ हे शब्द डोळ्यांनी पाहणं, मग बॅकअप, मग की काढणं, आणि सगळ्यांत शेवटी पुसणं.

अकाउंट कुणाच्या नावानं काढायचं यावर अण्णांशी बोलले. माझ्या स्वतःच्या अकाउंटला प्रेसचं लायसन्स जोडायचं नाही. मी उद्या दुसरीकडे गेले तर? प्रेसच्या ईमेलवर नवं अकाउंट काढलं, फोन नंबर अण्णांचा, पासवर्ड पाकिटात बंद करून वहिनींकडे.

1 ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. मशीन दुपारी आलं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून टीपीएम चालू आहे ना पाहिलं. इंटेलच्या बोर्डात त्याला पीटीटी म्हणतात, ते चालू होतं. सिक्युअर बूट चालू केलं. मायक्रोसॉफ्टच्या साधनानं विंडोज 11 चा पेन ड्राइव्ह तयार करून ठेवला. 2016 चा डब्यातला पेन ड्राइव्ह यासाठी उपयोगाचा नाही, त्यात 10 आहे. पण की 10 ची असली तरी त्याच आवृत्तीच्या 11 ला चालते, प्रोची प्रोला. विंडोज 7 आणि 8 च्या किल्ल्यांना मात्र हा रस्ता सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाला. ब्रँडेडच्या शेजारी पडलेल्या जुन्या कॅबिनेटवर विंडोज 7 चं स्टिकर आहे, त्याचा आता काही उपयोग नाही.

अण्णांचा आग्रह, मशीन उद्या सुरू करायचं. साडेतीन मुहूर्तांतला एक. एक दिवस थांबायला काहीच हरकत नाही.

2 ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी पूजा. पाटी, कात्री, कटिंग मशीन, आणि या वेळी तीन मशीनच्या जोडीला चौथं. जुन्या मोठ्या मशीनला अण्णांनी मुद्दाम मोठा झेंडूचा हार घातला. "पुरातनं वाचलंय ते," म्हणाले. सगळ्यांना आपट्याची पानं दिली आणि नवं मशीन अण्णांच्याच हातून सुरू केलं.

विंडोज टाकायला अर्धा तास लागला. कीच्या पडद्यावर ‘की नाही’ निवडलं, पण पुढच्या यादीत काळजीनं प्रो घेतलं. तिथे चुकून होम घेतलं तर नंतर आवृत्ती बदलायचा फेरा मागे लागतो. पुढे नेट आणि अकाउंट मागितलं, प्रेसचं दिलं. मशीनला नाव दिलं ‘प्रेस-मोठे-2025’, म्हणजे पुढच्या वेळी यादीत ओळखू येईल.

की आज घातली नाही. सणाच्या दिवशी फोन करत बसायची वेळ आली तर सगळ्यांचा विरस होईल.

3 ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी साडेदहा. सेटिंग, सिस्टम, ॲक्टिव्हेशन, की बदला. पंचवीस अक्षरं घातली. की स्वीकारली, पण सक्रिय होईना. कोड शेवटी सी-झिरो-झिरो-एट: ही की आता आणखी वापरता येत नाही. 2016, 2019 आणि आता, तिसरं हार्डवेअर. 15 तारखेला भीती वाटली होती तसंच झालं. ट्रबलशूटर चालवला, यादीत जुनं मशीन नाही. ते माझ्या सोमवारच्या घाईमुळे.

मग फोनचा रस्ता धरला. रनमध्ये एसएलयूआय आणि पुढे चार. देश भारत. पडद्यावर इन्स्टॉलेशन आयडी आला: सात-सात आकड्यांचे नऊ गट, एकूण 63 आकडे. फोन लावला, यंत्राच्या आवाजानं एकेक गट विचारला. मी आकडे दाबत होते, अण्णा पडद्यावरून वाचत होते, ताई मी दाबलेलं बघत होत्या. अगदी प्रुफं तपासतो तसं, एकानं मूळ प्रत वाचायची आणि दुसऱ्यानं ओळीवर बोट ठेवायचं. यंत्रानं नाकारलं आणि माणसाला जोडून दिलं.

पलीकडच्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले. हे विंडोज किती मशीनवर आहे? आधीच्या मशीनचं काय केलं? मी जे आहे ते सांगितलं: डबा 2016 चा, बिल समोर आहे, बोर्ड पुरात गेला म्हणून 2019 मध्ये एकदा बदलला, आता ते मशीन पूर्ण पुसून त्यावर लिनक्स टाकलंय, विंडोज या एकाच मशीनवर आहे. ही उत्तरं देताना एकदाही अडखळायला झालं नाही. बिल दाखवा असं त्यांनी म्हटलं नाही, पण ते हाताशी होतं याचा धीर होता.

त्यांनी कन्फर्मेशन आयडी सांगायला सुरुवात केली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, 48 आकडे, ए ते एच अशा चौकटींत. अण्णांनी कागदावर घेतले, ताईंनी परत वाचून दाखवले, पाचव्या गटात एक आकडा उलटा झाला होता तो तिथेच सापडला. मी भरले. बटण दाबलं.

‘विंडोज सक्रिय आहे.’

11 वाजून 40 मिनिटं. ताईंनी टाळी वाजवली. अण्णा उठून बाहेर जाऊन उभे राहिले, थोड्या वेळानं सगळ्यांना चहा सांगून आत आले.

4 ऑक्टोबर, शनिवार

आजचं काम कागदपत्रांचं. ॲक्टिव्हेशनच्या पानावर आता ‘अकाउंटशी जोडलेलं डिजिटल लायसन्स’ दिसतंय. फोटो काढून छापला.

एक सावधगिरी. नव्या विंडोजनं अकाउंट दिल्यावर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट केली, म्हणजे कुलूपबंद केली. त्याची रिकव्हरी की अकाउंटमध्ये मिळते, ती छापून घेतली. तीही 48 आकड्यांची आहे, सहा-सहाचे आठ गट, म्हणजे दिसायला हुबेहूब कालच्या कन्फर्मेशन आयडीसारखी. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये बिननावाचे पडले तर अडचणीच्या दिवशी कुणीतरी चुकीचा कागद धरून बसेल. म्हणून ठळक लिहिलं. एकावर: ‘विंडोज सक्रिय करतानाचा आयडी, 3-10-2025, पुन्हा उपयोग नाही.’ दुसऱ्यावर: ‘डिस्क उघडायची की. मशीननं मागितली तर हीच. जपून.’

6 ऑक्टोबर, सोमवार

ताई नव्या मशीनवर बसल्या. बावीस वर्षं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर टाइप केलंय. विंडोजमध्ये मराठीचे दोन कीबोर्ड आयते आहेत, इनस्क्रिप्ट आणि 2019 पासून फोनेटिक. रेमिंग्टनसाठी वेगळं साधन बसवलं. जोडाक्षरांना पहिला तासभर अडखळल्या, दुपारनंतर वेग आला. लॅपटॉपही आजच विंडोज 11 वर गेला, काही विशेष नाही.

14 ऑक्टोबर, मंगळवार

आज विंडोज 10 ची मुदत संपली. आपल्याकडे विंडोज 10 आता एकाच मशीनवर, ब्रँडेडवर. त्याची नेटची वायर काढून पोर्टवर कागदी टेप लावली, वायफायचा छोटा अडॅप्टर ड्रॉवरमध्ये. त्याच्याकडून फाइल न्यायची तर ठरवलेला एकच पेन ड्राइव्ह, आणि तो आधी नव्या मशीनवर स्कॅन करायचा. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांनी विचारलं, घरच्या मशीनचं काय करू? त्यांना सांगितलं की घरगुती मशीनसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून मिळण्याची सोय आहे, ती घ्या, आणि त्या वर्षात विंडोजचा डबा आणि बिल शोधून ठेवा.

17 ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

अंक छापून आला. पहिली प्रत अण्णांनी माझ्या हातात दिली.

लायसन्सची फाइल पूर्ण झाली. आत बिलाची झेरॉक्स, कीच्या कार्डाची झेरॉक्स, ॲक्टिव्हेशनच्या पानाचा छापील फोटो, डिस्कची की आणि या नोंदींची एक प्रत. मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून अण्णांच्या घरी, पोटमाळ्यावर नव्हे, वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात. 2019 चं पाणी तिथवर पोचलं नव्हतं.

उरलेलं एक काम: जुन्या फॉन्टमधल्या सगळ्या फायली युनिकोडमध्ये आणणं, म्हणजे त्या हार्डवेअर लॉकवर अवलंबून राहावं लागणार नाही. पाडव्यानंतर सुरुवात करायची.